फसलेला डाव आणि कर्त्याचा प्रश्न

ज्या मल्लयुद्धाचा निकाल आधीच ठरलेला असतो, अशा अमेरिकी व जपानी पद्धतीच्या व्यावसायिक कुस्तीस आपल्याकडील सुशिक्षित वर्ग 'लुटुपुटीची कुस्ती' म्हणून बाजूस सारतो. निकालापुरते ते यथार्थ आहे. परंतु शंभर किलोंचा मनुष्य उलटा धरून खाली आणावयाचा म्हटला, म्हणजे त्या मनुष्याचे वजन काही लुटुपुटीचे नसते. असा डाव फसून कोणी जायबंदी झाला की, 'अमक्याने तमक्याला डोक्यावर पाडले' हे वाक्य प्रेक्षकांच्या तोंडी येते. हे वाक्य पुष्कळदा चुकीचे असते. आणि ती चूक वस्तुस्थितीच्या अज्ञानाइतकीच व्याकरणातूनही उद्भवते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तालमीतील कुस्तीत प्रतिस्पर्धी डावास विरोध करतो. येथे तो साहाय्य करतो. उचलला जाणारा मल्ल योग्य क्षणी स्वतः उडी घेतो, हनुवटी छातीशी आणतो, आणि पाठीचा विस्तृत भाग जमिनीस एकदम टेकेल अशा बेताने पडतो. वाक्यात जो कर्म म्हणून येतो तो प्रत्यक्षात अर्धा कर्ता असतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण म्हणून स्वातंत्र्य सांगितले आहे. हीच कसोटी येथे लावून पाहावी. मात्र डाव चालू असता हे स्वातंत्र्य एकाच्या ठायी स्थिर राहत नाही, ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणून दोष कोणाचा, हे विचारण्यापूर्वी कोणत्या क्षणी स्वातंत्र्य कोणाकडे होते, हे विचारले पाहिजे.

३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यू जर्सीत स्टीव्ह ऑस्टिन व ओवेन हार्ट यांचा सामना झाला. त्यात ओवेनने 'टूमस्टोन पाइलड्रायव्हर' हा डाव टाकला. (पाइलड्रायव्हर म्हणजे जमिनीत खांब ठोकण्याचे यंत्र, व्यवसायातील नावे अशी निःसंकोच असतात.) यात प्रतिस्पर्ध्यास डोके खाली व पाय वर असे छातीशी कवटाळतात. नेहमीच्या रीतीत टाकणारा गुडघ्यांवर उतरतो. खालच्याचे डोके त्याच्या मांड्यांमध्ये, गुडघ्यांच्या वर राहते, आणि आघात गुडघे सोसतात. ओवेन मात्र बसकण मारून उतरला. या रीतीत मांड्या जमिनीसपाट येतात, त्यामुळे डोके चार-सहा इंच जरी खाली लोंबत असले तरी पहिला आघात त्यावरच होतो. ऑस्टिनचे तसेच झाले. काही काळ त्यास हातपाय हलविता येईनात. त्याला सावरावयास अवधी मिळावा म्हणून ओवेन प्रेक्षकांना डिवचीत फिरत राहिला, आणि ठरलेला निकाल कसाबसा पार पडला. ऑस्टिनच्या मानेवर पुढे शस्त्रक्रिया झाली, आणि २००३ मध्ये त्याने नियमित कुस्ती सोडली.

येथे वेळेचा हिशेब उद्बोधक आहे. पाऊण मीटर उंचीवरून एखादी वस्तू अडथळ्यावाचून खाली यावयास चार दशांश सेकंदही लागत नाहीत. काही बिघडल्याचे ध्यानात येऊन स्नायू हलू लागेपर्यंत त्यातील निम्मा काळ सरतो. उलट्या टांगलेल्या मल्लास तर तो निम्मा काळही उपयोगाचा नाही. पाय हवेत, देह दुसऱ्याच्या मिठीत, असा तो काय करणार? म्हणजे चूक पडताना होत नाही. ती पडण्यापूर्वी, डोके कोठे आहे हे न तपासता खाली बसण्याचा निर्णय घेताना होऊन गेलेली असते. त्या क्षणी स्वातंत्र्य सर्वस्वी ओवेनकडे होते, म्हणून दोषही त्याच्याकडेच जातो. तथापि 'ओवेनने इजा केली' यापेक्षा 'ओवेनच्या हातून इजा झाली' हे मराठी वाक्य अधिक न्याय्य ठरेल. 'हातून' या रूपाने कृती त्याच्यापाशी राहते आणि हेतू मात्र वगळला जातो. ही सोय सर्वच भाषांत इतक्या सहज उपलब्ध नसते.

परंतु सर्व डाव असे एकतर्फी नसतात. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यूयॉर्क राज्यात डी-लो ब्राउन याने डॅरेन ड्रॉझ्डॉव्ह यास खांद्यापर्यंत उचलून धावत जाऊन आपटण्याचा डाव टाकला, तो फसला, आणि ड्रॉझ्डॉव्ह कायमचा पंगू झाला. या डावात उचलण्याच्या क्षणी दोघेही स्वतंत्र असतात: एकाने पकडावयाचे, दुसऱ्याने उडी घ्यावयाची. पकड नीट बसली नाही, येवढे दिसते. ती कोणामुळे, हे वाक्यात मांडावयास गेल्यास एक कर्ता पुरत नाही. ड्रॉझ्डॉव्हने ब्राउनला दोष दिला नाही. २०२३ मध्ये निधन होईपर्यंत तो या घटनेस अपघातच म्हणत राहिला.

मित्सुहारु मिसावा याची घटना याहून अवघड आहे. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे आकितोशी साइतो याने त्यास पाठीमागून कमरेस धरून मागे उलथविले. हा डाव मिसावाने आयुष्यात असंख्य वेळा सोसला होता, आणि साइतोने तो काही गैर रीतीने टाकला नव्हता. मिसावा उठला नाही. त्याच रात्री, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो निवर्तला. मानेवर पडून पुन्हा उठणे ही १९९० नंतरच्या दशकात त्याच्या कुस्तीची ख्याती होती, आणि त्या साऱ्या पडण्यांचा भार त्याच्या मानेवर साचलेला होता. 'साइतोच्या हातून' असेही येथे म्हणवत नाही.

व्याकरण येथे आणखी एक पद पुरविते. स्वतंत्र कर्त्यास जो प्रवृत्त करतो तो प्रयोजक. दुखऱ्या मानेच्या मल्लास आखाड्यात कोण उतरवितो, कोणते डाव चालू देतो, हा प्रश्न प्रयोजकाचा, अर्थात व्यवस्थापनाचा आहे. आणि 'पाडले' या साध्या क्रियापदात तो कोठेच दिसत नाही, 'पाडविले' म्हटल्यावरच दिसू लागतो. मिसावाच्या बाबतीत हा शोध विचित्र ठिकाणी पोचतो. ज्या 'नोआ' संस्थेचा तो सामना होता, तिचा संस्थापक व अध्यक्ष मिसावा स्वतःच होता. साइतो पुढे पंधरा वर्षे खेळत राहिला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला.