दक्षिणेकडची खिडकी

गाईडने बॅटरी विझवली आणि आम्ही चौघी अंधारात एकमेकींचे हात चाचपू लागलो. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ओल्या दगडाचा वास होता. डोक्यावर एडिंबऱ्याच्या साउथ ब्रिजवरून बसगाड्या धावत होत्या, पण त्यांचा आवाज खाली पोचत नव्हता. गाईड हळू आवाजात सांगत होता : इथे माणसं राहिली, इथे मेली, त्यांतली काही अजून गेलेली नाहीत. माझ्या मानेवर काटा आला. शेजारी उभी असलेली माझी मैत्रीण वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवते आहे. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

ती २९ ऑक्टोबर २०२४ची संध्याकाळ. धनत्रयोदशी होती. दोनच दिवसांपूर्वी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतलेली, त्यामुळे साडेचारलाच सूर्य बुडाला होता. आम्ही चौघी एका कॉलेजच्या. एक तिथेच डॉक्टर आहे, एक साताऱ्यात वकिली करते, एक ही शिक्षिका, आणि मी. दिवाळी यंदा डॉक्टरकडे, असं ठरलं तेव्हा भुतांची सहल बेतात नव्हती. पण त्या आठवड्यात त्या शहरात दुसरं काही दिसतच नाही. ३१ तारखेला त्यांचं हॅलोवीन आणि आपली नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली होती.

ज्या खोल्यांत आम्ही उभ्या होतो त्यांचा जन्म साधा आहे. काउगेटच्या दरीवर १७८५ ते १७८८ या काळात हा १९ कमानींचा पूल बांधला. दोन्ही अंगांनी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि १८ कमानी झाकल्या गेल्या. आज उघडी दिसते ती एकच. झाकलेल्या कमानींच्या पोटात मजले घालून खोल्या काढल्या, त्यांत चांभार, गोदामं, दारूचे गुत्ते आले. पण वरून झिरपणारं पाणी अडवण्याची नीट सोय केलेली नव्हती. ओल वाढली, धंदेवाले निघून गेले, आणि दुसरीकडे कुठेही छप्पर न मिळालेली माणसं त्या अंधारात राहायला आली. पुढे खोल्या राडारोडा भरून बंद झाल्या आणि १९८०च्या दशकात पुन्हा सापडल्या. उपसताना कालवांच्या शिंपल्यांचे ढीग निघाले. कालवं तेव्हा गरिबाचं खाणं होतं.

मला जाणवलेला काटा खोटा नव्हता, हे आधी सांगते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खोल्यांमधून लोकांना फिरवलं आणि कुठे काय जाणवलं ते नोंदवायला सांगितलं. त्यांचा निबंध २००३मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त आला. झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या खोल्यांतच लोकांना जास्त अनुभव आले. विशेष म्हणजे कुठली खोली प्रसिद्ध आहे हे ठाऊक असण्याशी त्याचा संबंध नव्हता. संबंध सापडला तो खोलीच्या आकाराशी, उजेडाशी. म्हणजे अंगावर येते ती जागाच, आणि तिला नाव मागाहून मिळतं.

ते नाव कसं मिळतं, याचा विचार मी त्या संध्याकाळपासून करते आहे. आपल्याकडे भुताचं नावच माणूस कसा गेला ते सांगतं. मुंज झाली, लग्न राहिलं, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. काय राहून गेलं हे त्या नावात असतं, कोणी घालवलं हे नसतं. गाईडच्या बोलण्यातही तेच होतं. बाईला जाळलं गेलं, कैदी मारले गेले, पोर कोंडलं गेलं. शिक्षिका बाहेर येताच म्हणाली, “अगं, याच्या एकाही वाक्यात कर्ता नाही!” शनिवारवाड्याची गोष्ट सांगताना आपण असं करत नाही. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावाचा खून झाला. पौर्णिमेच्या रात्री तो ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावतो, असं सांगणारा माणूसही पुढे राघोबाचं नाव घेतो आणि रामशास्त्र्यांपर्यंत येतो. आपल्या त्या भुतामागे न्यायाधीश उभा आहे. एडिंबऱ्यात तो कुठे आहे, ते आम्ही चौघी शोधत राहिलो.

कधीकधी गोष्टीत कर्ता असतो, पण चुकीचा. दुपारी आम्ही मेरी किंग्ज क्लोज पाहिला होता. क्लोज म्हणजे दोन उंच इमारतींमधला बोळ. १६४५च्या प्लेगात नगरपालिकेने या बोळाची दोन्ही तोंडं बांधून काढली आणि आतल्या माणसांना मरायला सोडलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. ते खरं नाही. नगरपालिकेने जॉर्ज रे नावाचा वैद्य नेमला. हा बहुधा जगणार नाही या हिशेबाने त्याला घसघशीत पगार कबूल केला. तो जगला, आणि ठरलेले पैसे मिळवायला त्याला पुढे वर्षानुवर्षं झगडावं लागलं. बोळ गाडला गेला तो शंभर वर्षांनंतर. १७५३ ते १७६१मध्ये रॉयल एक्स्चेंजची इमारत बांधताना वरचे मजले पाडले आणि खालची घरं पाया म्हणून तशीच ठेवली. आता तिथल्या एका खोलीत बाहुल्यांचा ढीग आहे. १९९२मध्ये एका जपानी अतींद्रियदर्शी बाईंना तिथे ॲनी नावाची, बाहुली हरवलेली मुलगी जाणवली. तेव्हापासून लोक तिच्यासाठी खेळणी ठेवून जातात. ॲनीचा कागदोपत्री पुरावा नाही. पण प्लेगात पोरं गेली होतीच, आणि त्या बाहुल्या बघून मला मुळीच हसू आलं नाही. पुण्याच्या माणसाला प्लेग म्हटलं की १८९७ आठवतं, पाठीवर पोर घेऊन दवाखान्याकडे निघालेल्या सावित्रीबाई आठवतात.

तळघरांतून निघून आम्ही ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत आलो. काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे आहेत. प्रेतं चोरून शरीरशास्त्राच्या शिक्षकांना विकली जात, त्यांच्यापासूनची ही राखण. बर्क आणि हेअर यांनी तर उकरण्याचे कष्टही घेतले नाहीत. १८२८ या एका वर्षात त्यांनी १६ जणांना मारून डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शवविच्छेदनगृहाला विकलं. हे गाईडने अगदी रंगवून सांगितलं. शेवटची होती डॉचर्टी नावाची एक आयरिश बाई, ३१ ऑक्टोबरची. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्क फाशी गेला आणि त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. आमच्या डॉक्टरने पुढचं सांगितलं. १८३२च्या कायद्याने बेवारस गरिबांची प्रेतं कायदेशीरपणे विच्छेदनाला मिळू लागली आणि हा काळा बाजार थांबला. ती म्हणाली, “शरीरशास्त्र मी शिकले ते यांच्यावर उभं आहे. पहिल्या वर्षाला हे कोणी सांगत नाही.”

पुढे कुलूपबंद फाटक आहे. त्याला कॉव्हेनंटर्सचा तुरुंग म्हणतात. राजाने चर्चवर हुकूम चालवू नये म्हणणारे हे लोक २२ जून १६७९ला बॉथवेल ब्रिगच्या लढाईत हरले. सुमारे १,२०० कैदी या दफनभूमीलगतच्या उघड्या मैदानात आणून ठेवले. छप्पर नाही, अन्न जेमतेम. काही मेले, काही पळाले, बरेच निष्ठेच्या कागदावर सही करून सुटले. उरलेल्या अडीचशेच्या आसपास लोकांना वसाहतींत विकण्यासाठी ‘क्राउन ऑफ लंडन’ जहाजात घातलं. डिसेंबरात ते ऑर्कनी बेटांजवळ फुटलं. कैदी बंद फळ्यांखाली होते, सुमारे २०० बुडाले. फाटकाच्या आतला चिंचोळा भाग त्या मैदानाचा एक तुकडाच आहे, आणि तिथल्या घुमटाकार कबरी नंतरच्या आहेत.

आणि इथे मात्र गोष्टीला कर्ता आहे. त्याचं नाव सर जॉर्ज मॅकेंझी. तो राजाचा मुख्य सरकारी वकील होता. लोकांनी त्याला ‘रक्तपिपासू’ म्हटलं. १६९१मध्ये तो मेला आणि त्याच दफनभूमीत घुमटाखाली पुरला गेला. १९९८मध्ये थंडीपावसात आसरा शोधणारा एक बेघर माणूस त्याच्या कबरीत शिरला, असं सांगतात. त्यानंतर लोकांना ओरखडे उठू लागले, माणसं बेशुद्ध पडू लागली. नगरपालिकेने तो तुरुंगाचा भाग बंद केला आणि नंतर तो फक्त गाईडबरोबर उघडू लागला.

आमच्या वकील मैत्रिणीला हा माणूस आधीपासून माहीत होता, ओरखड्यांसाठी नव्हे. थडग्याच्या कठड्याला टेकून तिने जे सांगितलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. मॅकेंझीने १६७८मध्ये स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यावर ग्रंथ लिहिला. त्यात चेटकिणींवरचं प्रकरण आहे. तरुणपणी तो अशा खटल्यांत न्यायाधीश म्हणून बसला होता आणि कबुली दिलेल्या बायकांना तुरुंगात जाऊन भेटला होता. त्यांतल्या एकीने त्याला एकांतात सांगितलं की तिने काहीही केलेलं नाही. ती मोलमजुरी करून पोट भरणारी बाई. एकदा चेटकीण हे नाव लागल्यावर तिला कोणी घास देणार नाही, दाराशी उभं करणार नाही, लोक मारतील, अंगावर कुत्री सोडतील. त्यापेक्षा मेलेलं बरं म्हणून तिने कबुली दिली. तिचं नाव त्याने दिलेलं नाही. पण तिचं ऐकून घेतलं आणि पुढच्या वकिलांसाठी लिहून ठेवलं. ज्याच्या वकिलीखाली कॉव्हेनंटर्स फासावर गेले, तोच हा माणूस. त्याच्याच पुढाकाराने उभी राहिलेली वकिलांची लायब्ररी पुढे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पाया झाली. भूत झाल्यावर त्याचा एकच चेहरा शिल्लक राहिला. मला दोन्ही हवे आहेत. दुसऱ्याने पहिला धुऊन निघतो असं मी म्हणत नाही, पण ती नाव नसलेली बाई दुसऱ्या चेहऱ्यामागेच सापडते.

अशा बायकांची खूण किल्ल्यासमोरच्या पटांगणाच्या कडेला आहे. दुपारी आम्ही ती शोधायला गेलो आणि दोनदा तिच्यावरून पुढे निघून गेलो. भिंतीत बसवलेली एक छोटी धातूची पट्टी, साप आणि झाडपाला, खाली पाण्याचं कुंड. पाणी नाही. हिचं नाव चेटकिणींची विहीर, साल १८९४, शिल्प जॉन डंकन यांचं. करवून घेतली पॅट्रिक गेडिस यांनी. हे नाव वाचून मी थबकले. हेच गेडिस १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या वर्गात बसले. आपल्याकडची जुनी शहरं सुधारताना सरसकट पाडू नका, तळी बुजवू नका, असं ते सांगत राहिले. तो धडा त्यांनी एडिंबऱ्याच्या याच बोळांत, पडक्या वस्तीत बायको-मुलांसह राहून गिरवला होता.

१५६३ ते १७३६ या काळात स्कॉटलंडमध्ये चेटकाचा कायदा होता. सुमारे ३,८०० जणांवर आरोप झाल्याच्या नोंदी सापडल्या आहेत आणि त्यांतल्या दर सहा जणांत पाच बायका. ॲग्नेस सॅम्पसन सुईण होती, औषधपाणी करायची. राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नवरी घेऊन येत असताना वादळं झाली. ती हिने उठवली, असा आरोप. राजाने स्वतः तिची जबानी घेतली. सैतानाची खूण शोधायला तिचे केस भादरले. जानेवारी १५९१मध्ये किल्ल्याच्या टेकडीवर तिला गळा आवळून जाळलं. हॉलीरूडच्या राजवाड्यात एक टकली बाई फिरते, अशी भुताची गोष्ट आजही सांगतात. तिचे केस कोणी काढले, हे त्या गोष्टीत कोणी विचारत नाही. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ला या सगळ्या माणसांची औपचारिक माफी मागितली, तेव्हा त्या गोष्टीला कर्ता मिळाला.

दफनभूमीतून आम्ही मेडोजचं मैदान ओलांडून डॉक्टरच्या घरी निघालो. ती मार्चमाँटमध्ये राहते. झाडं काळी दिसत होती आणि कोणीच फारसं बोलत नव्हतं. प्रदोषकाळ केव्हाच टळून गेला होता. घरी आल्यावर तिने आधी कणीक मळली, कणकेचा दिवा केला, तेल-वात घातली. यमदीप दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा म्हणून दक्षिण कुठली ते आम्ही फोनवर पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे निघाली. शिक्षिकेने जुना नकाशा वाचला होता. ती म्हणाली, हा सगळा भाग पूर्वी बरो म्यूर, गावाबाहेरचं माळरान. प्लेगाच्या साथींत आजाऱ्यांना इथे आणून झोपड्यांत ठेवत. जे परतले नाहीत ते इथेच पुरलेत.

डॉक्टरने खिडकीची काच वर सरकवली. वारा आत आला, ज्योत आडवी झाली. वकील मैत्रिणीने दोन्ही तळव्यांचा आडोसा धरला आणि दिवा सरळ जळायला लागेपर्यंत तिने हात काढले नाहीत.