किला गेटच्या पाण्यात गोव्याचे कोकम

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, जेथून आलमगिरी दरवाजा ओलांडून गुजरी महालाकडे आणि पुढे गडावर चढण सुरू होते, त्या भागाला किला गेट म्हणतात. दौलतराव शिंदे यांनी 1810 साली किल्ल्याच्या पलीकडे छावणी वसवली, तिचे पुढे लष्कर हे शहर झाले आणि त्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे ग्वाल्हेरची होऊन राहिली. अशाच एका नात्यातल्या घरी, किला गेटजवळ, थंडीच्या दिवसांत काही काळ राहण्याचा योग आला. जाताना गोव्याहून भिरंडाची सुकी सोले नेली होती. दूध-साखरेचा चहा वर्ज्य झालेल्या काकूंना कोकमाचा गरम पेला करून द्यावा, एवढाच हेतू. घरी नेहमी घेतो तसे मोजून साहित्य घेतले, पण पेल्यात उतरले ते फिकट, मळकट गुलाबी पाणी. काकू म्हणाल्या, ‘‘अरे, हे औषधासारखंही लागत नाही, नुसतं कोमट पाणी आहे.’’

सोले तीच होती, हातही तोच होता. बदलले होते ते पाणी. घरी बोअरचे पाणी येत असे आणि ते जड होते. भांड्यांच्या तळाशी बसलेला पांढरा थर ते सांगतच होता. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पाणी आम्लधर्मी असेल तर हे द्रव्य लालभडक दिसते, आम्लता उतरली की फिके पडते आणि आणखी अल्कधर्मी झाले की जांभळट-निळसर होते. जड पाण्यातील बायकार्बोनेट क्षार कोकमाच्या आम्लाचा काही भाग शमवून टाकतात. म्हणजे रंग आणि चव दोन्ही एकाच वेळी खालावतात. पडताळा पाहायचा असेल तर अर्धा पेला कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा आणि नंतर लिंबू पिळावे. रंग गेलेला व परतलेला डोळ्यांनी दिसतो. (तो पेला मात्र ओतून द्यावा.) दुसऱ्या दिवशी गाळण यंत्राचे पाणी वापरले आणि नेहमीचा रंग आला. असे यंत्र नसेल तर पाणी पाच-सात मिनिटे खळखळ उकळून निवू द्यावे आणि वरचे निवळलेले पाणीच पुन्हा तापवून घ्यावे. उकळल्याने या क्षारांपैकी बराच भाग तळाशी बसतो. आपल्याकडे जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी सहसा मृदू असते, त्यामुळे ही अडचण आपल्याला कधी जाणवत नाही. तीन सोलांऐवजी दोन पुरतात, हा त्याचाच फायदा.

येथे ‘चहा’ हा शब्द सोयीने वापरला जातो, हे सांगितले पाहिजे. चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाची पाने. फळांच्या ‘चहा’त ती नसतात, म्हणून कॅफीनही नसते. रात्री झोपण्यापूर्वी तो चालतो तो याचमुळे. बाजारातील बहुतेक फळचहांचा आंबट-लाल पाया लाल अंबाडीच्या मांसल पाकळ्यांसारख्या भागाचा असतो. अंगणातली जास्वंद तिच्या कुळातली असली तरी ती ही नव्हे. सोबत सफरचंदाचे तुकडे आणि वरून मिसळलेला स्वाद. वेष्टनावर आंबा किंवा स्ट्रॉबेरीचे चित्र असले तरी फळ सुकताना त्याचा सुवास बराचसा उडून जातो. म्हणूनच घरी सुकवलेल्या आंब्याच्या फोडींचा चहा करून पाहणारे निराश होतात. सुवास हवा असेल तर तो तेलात धरून ठेवणाऱ्या गोष्टींत शोधावा : संत्र्याची साल, गवती चहा, दालचिनीचे पान. आंबटपणाला आपल्याकडे कोकम आहेच, मग अंबाडीचे महागडे पुडके कशाला?

कृती अशी. बाजारची सोले पुष्कळदा मिठाची असतात. ती आधी थंड पाण्यात झटकन धुवावीत, नाहीतर पेल्याची सोलकढी होते. दोनशे मिलिलीटर पाण्याला दोन-तीन ग्रॅम सोले, म्हणजे दोन-तीन पाकळ्या, बारीक चिरून घ्याव्यात. संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग खरवडून काढावा, तो कडू असतो. हिरव्या चहाला ऐंशी अंशांच्या आसपासचे पाणी आणि दोन-तीन मिनिटे पुरतात. येथे मात्र उकळते पाणीच ओतावे आणि आठ-दहा मिनिटे झाकून ठेवावे. झाकण महत्त्वाचे आहे, कारण वाफेबरोबर सुवास निघून जातो. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे असावे. तांबे, बिनकल्हईचे पितळ आणि ॲल्युमिनियम आम्लाला नको. सुक्या वनस्पतींवर जंतू असू शकतात, त्यामुळे थंड पेय हवे असले तरी आधी उकळत्या पाण्यात मुरवून मग थंड करणे श्रेयस्कर.

चव घेताना घाई करू नये. उकळता घोट जिभेला काहीच सांगत नाही. पेला कोमट झाला की चमच्याने थोडे पाणी आवाज करीत ओढून घ्यावे, म्हणजे सुवास नाकाच्या मागच्या वाटेने पोहोचतो. आधी जिभेच्या कडांना आंबट, मग गालांत तुरटपणा, शेवटी घशात उरणारा वास, असा क्रम लक्षात ठेवावा. आंबट टोचू लागले तर साखर घालण्याआधी पाणी वाढवून पाहावे. काकूंना मी आधी गूळ घातला नव्हता. त्यांनी नंतर स्वतःच चिमूटभर घातला आणि खरे तर त्यांचेच बरोबर होते.

किला गेटपासून जवळच हजिरा भागात महंमद गौस यांच्या कबरीशेजारी तानसेनाची कबर आहे. तेथील चिंचेची पाने चघळली की आवाज गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा. मूळ झाड गेले तरी त्याच जागी पुढे लावलेल्या चिंचेची पाने लोक अजून तोडतात. आंबट पानांनी तोंडाला पाणी सुटते, कोरडा घसा ओलावतो, एवढे तरी त्यात खरे असावे.

याच्या पलीकडचे दावे मात्र जपून घ्यावेत. कोकमातील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाने वजन उतरते, असे सांगून गोळ्या विकल्या जातात. याच आम्लासाठी कोकमाच्या जातभाईचा, मलबारी चिंचेचा, अर्क 1998 साली अमेरिकेत 135 जणांवर बारा आठवडे तपासण्यात आला. अर्क घेणारे आणि न घेणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. अंबाडीचा पेला रक्तदाब काही प्रमाणात उतरवतो, म्हणून त्यासाठी औषध घेणाऱ्यांनी तो रोज सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आंबट पेयानंतर लगेच दात घासू नयेत. अर्धा तास थांबावे, तोवर साध्या पाण्याने चूळ भरावी.

निघताना उरलेली सोले काकूंनी बरणीत भरून ठेवली. पुढच्या वेळी बिनमिठाची आण, एवढे मात्र बजावले.