पावडरचा डबा की घरचे ताट?

साक्री तालुक्यातले पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे बाजाराचे गाव. पूर्वी अशा गावातला तरुण तालमीत जोर-बैठका काढीत असे. आता त्याच वयाची आपली मुले जिममध्ये जातात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी नुसत्या हौसेसाठी. ही चांगलीच गोष्ट आहे. गुटख्याच्या टपरीपेक्षा व्यायामशाळा केव्हाही बरी.

पण जिममध्ये नाव घातले की थोड्याच दिवसांत घरात मागणी येते, "पावडरचा डबा पाहिजे, त्याशिवाय बॉडी बनत नाही." किलोभराचा बरा डबा दोन-अडीच हजारांना पडतो, आणि तो साधारण महिनाभर पुरतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात हा पैसा कोठून येणार? बहुधा किराण्यातूनच. म्हणून हा प्रश्न एकट्या मुलाचा नाही. सर्व घराने बसून त्याचा हिशेब मांडला पाहिजे.

डब्यात असते काय?

दुधाचे चीज करताना जे पाणी उरते, त्याला 'व्हे' म्हणतात. ते गाळून, वाळवून ही पावडर तयार होते. म्हणजे ती जादू नाही आणि विषही नाही. ते दुधातलेच प्रथिन आहे. चांगल्या पावडरच्या एका मापात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. वजन वाढविण्यासाठी 'मास गेनर' नावाने जे डबे विकतात, त्यांत मात्र बराचसा भाग साखर व पिष्टमय पदार्थांचाच असतो.

डब्यावर लिहिलेले खरे असतेच असेही नाही. 2024 साली भारतातील 36 प्रथिन पावडरी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 70 टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काही नमुन्यांत बुरशीचे विष व कीटकनाशकांचे अंशही सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशासाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिन पावडरी टाळाव्यात, असा सल्ला त्यांत दिला आहे.

गरज किती?

साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. 60 किलोच्या तरुणाला 50 ग्रॅम झाली. वजने उचलणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. पण किलोमागे 1.6 ग्रॅमच्या पुढे कितीही खाल्ले तरी त्याने स्नायू आणखी वाढत नाहीत.

आता आपले ताट पाहा. खानदेशात कळण्याची भाकरी होते. ज्वारीबरोबर उडीद दळायचा, ही आपल्या आजी-पणजीची रीत. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, उडदात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की प्रथिनांचा कस वाढतो. दिवसभरात 300 ग्रॅम कळण्याच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर सुमारे 36 ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर डाळीचे 7, दोन अंड्यांचे 12, मूठभर शेंगदाण्यांचे 7, पेलाभर दुधाचे 6 आणि 25 ग्रॅम सोयाबीन वडीचे 13. बेरीज करा, 81 ग्रॅम झाले. 60 किलोच्या व्यायाम करणाऱ्या मुलाला एवढे पुरेसे आहे. रविवारी कोंबडी, एखाद्या दिवशी सुकट-बोंबील असले तर उत्तमच. सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात.

पैशांचाही हिशेब करू. पावडरच्या एका मापाला सत्तर-ऐंशी रुपये पडतात. तेवढीच प्रथिने चार अंड्यांत मिळतात, साधारण तीस रुपयांत. सोयाबीन वडीत तर दहा-बारा रुपयांच्या आत.

आणखी एक गोष्ट आई-वडिलांनी मनावर घ्यावी. मुलाच्या अंगासाठी डबा येतो आणि त्याच घरातली मुलगी चहा-खारीवर शाळेत जाते, आई सर्वांच्या मागून उरलेले खाते. रक्त कमी असते ते बहुधा या दोघींचेच. डब्याच्या पैशांत सगळ्या घराची अंडी, डाळ आणि शेंगदाणे येतात. ताकद वाढवायची तर ती सर्वांची वाढू द्या.

खरा धोका पुढे आहे

पावडरने काम होत नाही म्हटले की कोणीतरी 'कोर्स' सुचवितो. हा कोर्स म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या व सुया. त्यांनी दंड लवकर फुगतात हे खरे. पण वृषण आकसतात, मूल होण्यात अडचण येते, पुरुषाची छाती बाईसारखी वाढते, यकृत आणि हृदय बिघडते. दुसरे औषध मेफेंटरमाईनचे इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब उतरला तर डॉक्टर ते देतात. जिममध्ये मात्र तरतरी येण्यासाठी ते चोरून टोचतात. त्याने रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके बिघडतात, सवयही लागते. पुणे जिल्ह्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी अशा बाटल्या पकडल्या आहेत.

पोलीस भरतीच्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे. मैदानी परीक्षा 50 गुणांची असते. पुरुषांना त्यात 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे व गोळाफेक असते. फुगलेल्या दंडाला गुण नाहीत. गुण मिळतात ते दमाला, वेगाला आणि सरावाला.

ज्याला डबा घ्यायचाच आहे त्याने पक्के बिल घ्यावे. सील, मुदत आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी परवाना क्रमांक पाहावा. सुटी पावडर घेऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज पावडरला हात लावू नये. आणि सुई टोचा म्हणणाऱ्या माणसाची जिम त्याच दिवशी सोडावी.

मुलावर ओरडून उपयोग नाही. त्याच्याबरोबर बसा, कागद-पेन्सिल घ्या आणि वरचा हिशेब त्यालाच करू द्या. व्यायाम चालू राहू द्या, झोप पुरी होऊ द्या आणि ताट भरलेले ठेवा. अंग हळूहळू कमावले जाते, आणि तेच टिकते.