विश्लेषण : टँकरच्या बीड जिल्ह्यात धबधबे कसे? शनिवार-रविवारी बालाघाटात जाण्याआधी हे वाचा

बीड म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते पाण्याचे टँकर आणि ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर. त्यामुळे पावसाळ्यात सौताड्याच्या धबधब्याचे रील मोबाइलवर फिरू लागले की पुण्या-अहिल्यानगरकडच्या ग्रुपवर हमखास एक प्रश्न पडतो, ‘हे खरंच बीडचं आहे का?’

खरेच बीडचे आहे. दोन दिवसांत पाहून होईल असा हा डोंगराळ पट्टा आहे. गर्दी लोणावळ्याइतकी नाही आणि खर्चही बेताचा. मात्र इथे निघण्याआधी एक गोष्ट समजून घेतली तर कधी जायचे, कुठे थांबायचे आणि कुठे अजिबात उभे राहायचे नाही, हे तिघेही आपोआप कळते. ज्या कारणाने इथे पाणी कड्यावरून कोसळते, बऱ्याच अंशी त्याच कारणाने उन्हाळ्यात इथे टँकर लागतो.

एका पठारावरून तीन वाटा

बालाघाट ही सह्याद्रीतून निघून पूर्व-आग्नेयेकडे गेलेली डोंगररांग. बीड जिल्ह्याचा दक्षिण भाग या रांगेच्या पठारावर आहे, तर उत्तरेचा गेवराई-माजलगावचा भाग गोदावरीच्या सपाट खोऱ्यात. पठारावरच्या पाटोदा तालुक्याचा नकाशा उघडला तर गंमत दिसते. बिंदुसरा इथून उत्तरेला उतरते, बीड शहरातून वाहते आणि सिंदफणेमार्गे गोदावरीला मिळते. मांजरा याच तालुक्यातल्या गवळवाडीजवळ उगम पावते आणि पूर्वेला लातूरकडे जाते. तिसरी विंचरणा. ती सौताड्याला कड्यावरून उडी घेते, जामखेडमार्गे सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे पाटोद्याच्या माळावर पडलेला पावसाचा थेंब गोदावरीत जाणार की कृष्णेत, हे तो उताराच्या कोणत्या अंगाला पडला यावर ठरते.

पठाराचा माथा असल्याने इथे बाहेरून वाहत येणारी मोठी नदी नाही. जे काही पाणी आहे ते इथल्याच पावसाचे, आणि ते तीन दिशांना निघून जाते.

कडा कसा तयार झाला?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. हे सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट काळ्या पाषाणाचे, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातीचा पट्टाही सापडतो. नदी पठाराच्या कडेला आली की खालचा ठिसूळ थर आधी झिजतो आणि वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढे राहतो. आधार सुटला की तोही एक दिवस ढासळतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. अशी लाखो वर्षे गेली की सौताड्यासारखी खोल, घोड्याच्या नालेसारखी दरी तयार होते.

या भूगोलाचा सेल्फीशी थेट संबंध आहे. कड्याच्या टोकावर पायाखाली जो दगड भक्कम वाटतो, त्याच्या खाली पोकळी असू शकते. वरून ती दिसत नाही. त्यात शेवाळ आणि निसरडी माती. फोटो काढायचाच असेल तर कड्यापासून चार-पाच पावले मागे राहून काढावा. धबधबा तरीही फ्रेममध्ये येतो.

हाच काळा पाषाण पाणी फारसे साठवूनही ठेवत नाही. पाणी मुरते ते भेगांमधून आणि वरच्या मुरमाच्या थरातून. माती पातळ, उतार जास्त. पाऊस जोरात पडला की पाणी वाहून जाते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो.

जुलै की सप्टेंबर?

कोकण आणि घाटमाथ्याच्या सहलींची सवय असलेले लोक जूनच्या शेवटी बॅग भरतात. बीडच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बीड जिल्ह्याची सरासरी ६६६ मिलिमीटरच्या आसपास आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि इकडे पर्जन्यछाया. जुलैत इथे अनेकदा नुसते ढग आणि वारा असतो. ओढे-नाले खळाळतात ते बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे आणि परतीच्या पावसाने. त्यामुळे ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा बरा काळ. तरीही आधी जामखेड किंवा पाटोद्यातल्या कुणाला तरी फोन करून ‘पाणी आहे का’ विचारलेले चांगले, कारण कोरड्या वर्षी धबधब्याच्या जागी नुसता काळा कडाच दिसतो. गेल्या वर्षीचे रील या वर्षीही फिरतात, हेही लक्षात असू द्यावे.

सप्टेंबरअखेर आणखी एक लाभ होतो. डोंगरउतारावर, कमी पाण्यात वाढणारी सीताफळे रस्त्याच्या कडेला टोपल्यांत दिसू लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. टोपली विकणाऱ्या घरातली माणसे दसऱ्यानंतर कदाचित कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर गेलेली असतील. धबधब्याचे आणि सीताफळाचे हे थोडे आठवडे म्हणजे गावातले बहुतेक लोक गावात असण्याचे शेवटचे आठवडे. खाण्यापिण्याचे पैसे शहरातून बांधून आणलेल्या डब्यावर न खर्चता इथल्या टपरीवर खर्च केले, तर त्याला इथे अर्थ आहे.

दोन दिवसांची वाट

पुण्याकडून येणाऱ्यांसाठी अहिल्यानगर-जामखेड-सौताडा हा सरळ मार्ग. जामखेड सोडले की घाट चढून दहा-बारा किलोमीटरवर सौताडा येते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. उतरताना सोपे वाटते, चढताना दम लागतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांना वरूनच दर्शन घडवावे. दुपारपर्यंत इथून निघून पाटोद्याच्या दिशेने जावे.

पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे काटेरी, झुडपी जंगल १९९४ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मोर दिसण्याची वेळ म्हणजे पहाट आणि सूर्यास्ताआधीचा तास. भर दुपारी गेल्यास केकाच काय तो ऐकू येईल. इथे थोडी ओढाताण आहे. मोराचा पिसारा आणि नाच पाहायचा तर पावसाळ्याची सुरुवात चांगली, कारण पावसाळा सरत आला की मोर पिसे गाळतो. धबधबा मात्र तेव्हाच भरात असतो. दोन्ही एकाच फेरीत मिळाले तर नशीब.

मुक्काम बीड शहरात करावा. तिथे लॉज आणि जेवणाची सोय सहज होते. वाटेवर मांजरसुंब्याजवळ कपिलधार लागते. संत मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारीच डोंगरातून पडणारी धार. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येतात. त्या दिवसांत निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये. एरवी सौताड्यापेक्षा हे ठिकाण लहान मुलांना घेऊन जायला सोपे.

गाडी नसलेल्यांसाठी १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे मिळायला किती दशके गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण रेल्वे सौताड्याला जात नाही, पुढचा प्रवास एसटी किंवा भाड्याच्या गाडीनेच करावा लागतो. अंबाजोगाईही याच दोन दिवसांत उरकू असे अनेकांना वाटते. योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखान्याची लेणी घाईत पाहण्यासारखी नाहीत. त्यासाठी वेगळा शनिवार-रविवार काढावा.

पाणी गढूळ झाले की बाहेर

डोहात उतरण्याचा मोह सगळ्यांना होतो. इथला धोका धबधब्यावर नसतो, पाठीमागच्या पठारावर असतो. तुमच्या डोक्यावर ऊन असताना पाच-दहा किलोमीटर मागे ढग फुटलेला असू शकतो. पातळ मातीमुळे ते पाणी मुरत नाही, थेट ओढ्यात येते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काड्या-पाला दिसणे, आवाज वाढणे यातले काहीही जाणवले की पिशव्या-चपलांचा विचार न करता आधी उंचावर जावे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सीनेला महापूर आला आणि खाली सोलापूर जिल्ह्यातली गावे पाण्यात गेली. विंचरणा त्याच सीनेची उपनदी.

हवामान विभागाचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकलावा. उघड्या माळावर विजेचा धोका मोठा, म्हणून ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये असावे. दरीत रेंजचा भरवसा धरू नये. घरी सांगायचे ते वर असतानाच सांगावे.

मग हे पाणी अडवत का नाहीत?

अडवतात. बिंदुसरेवर पालीजवळ प्रकल्प आहे. मांजरेवर केज तालुक्यात धनेगावला मोठे धरण आहे आणि लातूर शहराची तहान त्यावरच भागते. पण पाऊसच सलग दोन-तीन वर्षे रुसला तर धरणही काय करणार? २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. ज्या नदीचा उगम पाटोद्याच्या या डोंगरात आहे, तिच्या काठच्या शहराला कृष्णाकाठाहून वाघिणींतून पाणी आणावे लागले.

रविवारी परतण्याआधी बीडमध्ये एक तास हाताशी ठेवावा आणि शहराबाहेर, मांजरसुंब्याच्या दिशेला असलेली खजाना बावडी पाहावी. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवून घेतली. बांधकाम राजा भास्कर याचे. बावडीला जमिनीखालून बोगदे जोडलेले आहेत. भेगांमधून झिरपणारे पाणी बोगद्यांवाटे बावडीत येते आणि दुसऱ्या बोगद्याने उताराच्या बळावर खालच्या शेतीकडे जाते. मोट नाही, पंप नाही. बारा महिने पाण्याची ओढ असलेल्या या जिल्ह्यात तिचे नाव मात्र ‘खजाना’ पडले.