पियुषिकेच्या गाठीभोवतीच्या प्रतिकारपेशी

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील खळगीत वसलेली पियुषिका ग्रंथी, म्हणजेच पिट्युटरी, वाटाण्याएवढी असली, तरी शरीराची वाढ, थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी आणि प्रजनन यांचे नियमन तिच्या संप्रेरकांकडून होते. त्यामुळे तिच्यात गाठ झाली की लक्षणे दूरवर उमटतात. अंगठी घट्ट होणे, चपलेचा क्रमांक वाढणे, पोटावर जांभळट रेघा उठणे किंवा कडेचे दिसेनासे होणे, अशा तक्रारी घेऊन ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे रुग्ण आधी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात, आणि गाठीची शंका आली की अनेकांना लोकलने परळचे केईएम रुग्णालय गाठावे लागते. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाचा अंतःस्रावशास्त्र विभाग अशा आजारांसाठी देशभर ओळखला जातो.

पियुषिकेच्या बहुतेक गाठी पसरत नाहीत. दूरच्या अवयवांत पसरणारा पियुषिकेचा कर्करोग दुर्मीळ, एक टक्क्याहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात गाठीच्या पेशी कोणत्या वंशाच्या आहेत, यावर भर आहे. पण गाठीत केवळ तिच्याच पेशी नसतात. त्यांच्या आसपास महाभक्षी पेशी, म्हणजे मृत पेशी व जंतू गिळणाऱ्या पेशी, तसेच बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी वावरतात. महाभक्षी पेशी हल्ला करण्याऐवजी ऊती सांधण्याच्या कामाला लागल्या, तर त्यांच्या स्रावांमुळे गाठीलाच बळ मिळते. आणि गाठीने पीडी-एल१ हे प्रथिन पृष्ठभागावर धारण केले, तर टी-पेशींची धार बोथट होते. कुशिंग आजारात तर गाठीच्या एसीटीएच संप्रेरकामुळे अधिवृक्क ग्रंथी जादा कॉर्टिसोल स्रवतात आणि तेच कॉर्टिसोल प्रतिकारशक्ती दडपते.

उपचारांतील पेच इथेच आहे. टी-पेशींवरील ब्रेक काढणारी इपिलिमुमॅब व निवोलुमॅब ही औषधे अन्य कर्करोगांत वापरताना, विशेषतः इपिलिमुमॅबमुळे, काही रुग्णांच्या निरोगी पियुषिकेला सूज येते, कॉर्टिसोल घटते आणि थकवा, डोकेदुखी सुरू होते. उलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत एसीटीएच स्रवणारा पियुषिकेचा कर्करोग याच जोडीने आकसल्याचे दिसले. टेमोझोलोमाइड या औषधानंतर त्या गाठीत जनुकीय बदल खूप वाढले होते, आणि असे बदल टी-पेशींना शत्रू ओळखायला मदत करतात. एका रुग्णावरून सर्वांसाठी नियम होत नाही. तरीही औषध निवडण्याआधी कोणत्या गाठीत कोणत्या पेशी आहेत हे पाहणे उपयोगी ठरू शकते, असे त्यातून सूचित होते.

ही पाहणी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीवरच होते. नाकावाटे काढलेला नखाएवढा तुकडा मेणात बसवला जातो, ज्याला रुग्णालयात 'ब्लॉक' म्हणतात, आणि त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर रंगवून टी-पेशी, महाभक्षी पेशी व पीडी-एल१ ओळखता येतात. म्हणून शस्त्रक्रिया ठाण्यात होवो की मुंबईत, ब्लॉक आणि अहवाल जपून ठेवणे, पुढच्या रुग्णालयात सोबत नेणे, आणि गाठ पुन्हा वाढल्यास जुना व नवा तुकडा शेजारी ठेवून तपासण्याचा आग्रह धरणे, हा रुग्णाच्या उपचारांचाच भाग मानला पाहिजे.