नंबर 5 वर वीज पडते तेव्हा

'शॉर्ट सर्किट' (1986) या विनोदी चित्रपटातला 'नंबर 5' हा लाडका यंत्रमानव विजेच्या तडाख्याने जिवंत होतो. लहानपणी आम्हांला ते खरेच वाटले होते! परवा नागपुरात तो चित्रपट पुन्हा पाहिला.

मित्रांनो, प्रत्यक्षात काय झाले असते? आकाशातल्या विजेचा प्रवाह सुमारे 30,000 अँपिअर असतो. यंत्रमानवाच्या 'मेंदू'तले ट्रान्झिस्टर जेमतेम काही व्होल्टांवर चालतात. जादा दाबाने त्यांतले अतिशय पातळ विद्युतरोधक थर फुटतात, जोडण्या वितळतात. बिचारा नंबर 5 नवे शिकणे दूरच, येत होते तेही विसरला असता!

विदर्भात दरवर्षी शेतावरची माणसे विजेने दगावतात. गडगडाट ऐकताच झाडाखाली न थांबता पक्के घर गाठावे.

चित्रपट रंगात आला आणि आमच्याकडेही ढग गडगडले. मी टीव्हीचा प्लग काढला; उरलेला भाग पाऊस ओसरल्यावर पाहिला.