डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ : काही गुणधर्म

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून विशिष्ट संख्यासमूहास ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. १, १२१, १२३२१ या क्रमाने येणारी नववी डेम्लो संख्या प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतली आहे. ती सतरा अंकी असून १११११११११ या संख्येचा वर्ग आहे.

हा गुणाकार रूढ पद्धतीने मांडल्यास नऊ एकांची ओळ प्रत्येक वेळी एक स्थान डावीकडे सरकते. परिणामी स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात व पुन्हा उतरतात. कोठेही हातचा येत नाही, हेच या सममितीचे कारण होय. दहा एक घेतल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो, सममिती भंगते. नऊ उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध झाला असे मानणाऱ्या विद्यार्थ्यास हे उदाहरण अवश्य दाखवावे.

तथापि ही सममिती संख्येची नसून दशमान लेखनाची आहे. षोडशमान पद्धतीत ती पंधरा एकांपर्यंत टिकते. संख्येचा स्वतःचा गुणधर्म म्हणजे तिचे अवयव : ३⁴ × ३७² × ३३३६६७². यावरून तिचे एकूण ५ × ३ × ३ = ४५ विभाजक मिळतात. अंकांची बेरीज ८१ असल्याने ९ ने भाग जातो एवढेच सिद्ध होते. ८१ ने भाग जातो तो मात्र वर्गमूळ ९ ने विभाज्य असल्यामुळे.